सावड तोंडी, उचल वहीत

माझ्या थोरल्या चुलत्यांना अक्षर येत नव्हतं, पण सावडीचा, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबण्याचा, हिशेब त्यांच्या तोंडी चोख असायचा. पेरणीला कोण बैल घेऊन आलं, खुरपणीला कुणाच्या घरच्या दोन बाया आल्या आणि आपल्याकडून एकच गेली, ज्वारी काढायला कोण किती दिवस राबलं, सगळं डोक्यात. "त्याचे दोन दिस आपल्याकडं हायेत," एवढं बोललं की ठरलं. ना कागद, ना अंगठा.

दसरा झाला की हेच चुलते काकूला घेऊन ऊसतोडीला जायचे. तिथला हिशेब वहीत. तोडणीची टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या बंडीच्या खिशातली, कोपरे घामानं मऊ पडलेली लांबट वही. दर नवरा-बायकोच्या जोडीला एक पान, वर उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशाचा, आकडा, खाली वजनं आणि तळाशी बारीक अक्षरात खाडे, म्हणजे काम बुडालेले दिवस. मी सातवीत असताना, टोळी परतल्यावर, ते पान वाचून दाखवायला मला बोलावलं होतं. "खाडे चार," मी वाचलं. चुलते म्हणाले, "चार न्हाईत, तीन. एक दिस गाडीच फसली व्हती, त्यो माझा खाडा कामून?" मुकादमानं वही घेतली, पाहिली, मिटली. "वहीत चार हायेत, आण्णा." चारच धरले गेले.

समाजवाद माणसाकडं, समाजाकडं आणि वर्गाकडं कसा बघतो हे समजायला पुढं बरंच वाचावं लागलं. पण वाचताना डोळ्यापुढं हेच दोन हिशेब असायचे, म्हणून सांगायलाही तिथूनच घेतो.

समाजवादाचं नाव निघालं की बीड जिल्ह्यातल्या आमच्या धारूरकडच्या कुठल्याही टपरीवर एक वाक्य हमखास पडतं: "कागदावर ठीक हो, पण माणूस मुळात स्वार्थी. सख्ख्या भावाचा बांध कोरणारी अवलाद ही." हे खोटं नाही. बांधावरून डोकी फुटलेली दोन घरं आमच्याच गल्लीत आहेत. आणि सावडीत एवढे सरळ असणारे माझे चुलते दर वर्षी धाकट्या भावाच्या बांधाला नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, जास्त मारायचे. धाकटा भाऊ म्हणजे माझे वडील, त्यामुळं ही गोष्ट मला ऐकीव नाही.

मग खरा माणूस कोणता, सावडीतला की बांधावरचा? बहुतेकांना वाटतं, समाजवादी म्हणणार सावडीतला. माणूस मुळात देव आहे, भांडवलशाहीनं त्याला बिघडवला. काही जुन्या समाजवाद्यांचा सूर तसा होताही. रॉबर्ट ओवेन हा स्वतः गिरणीवाला. स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या त्याच्या सूतगिरणीत त्यानं लहान पोरांना कामावरून काढून शाळेत बसवलं, मजुरांना बऱ्या खोल्या दिल्या, आणि सांगितलं की माणसाचा स्वभाव त्यानं स्वतः घडवलेला नसतो, परिस्थितीनं घडवलेला असतो. गिरणी नफ्यातही चालली. पण मग ती परिस्थिती कोण बदलणार? ओवेनसारखा भला मालक. भला मालक मिळाला तर ठीक, नाहीतर बसा.

कार्ल मार्क्सनं बोट ठेवलं ते इथंच. १८४५ साली त्यानं स्वतःपुरती अकरा छोटी टिपणं लिहिली. ती छापली गेली तो वारल्यावर, १८८८ मध्ये, त्याचा मित्र आणि सहलेखक एंगल्सनं. त्यातल्या सहाव्या टिपणाचा आशय असा: माणसाचं माणूसपण हे एकेकट्या माणसाच्या पोटात बसवून दिलेलं काही नसतं, माणसामाणसांतल्या संबंधांची गोळाबेरीज म्हणजे ते. तिसऱ्या टिपणात ओवेनच्या परंपरेला टोला आहे: परिस्थिती माणसाला घडवते हे खरं, पण परिस्थिती माणसंच बदलतात, आणि शिकवणाऱ्यालाही आधी शिकावं लागतं.

आता सावडीकडं पुन्हा बघा. चुलते शेजाऱ्याशी सरळ वागत, कारण तिफण धरायला चार माणसं लागत आणि रोजाने लावायला पैसा नसे. उद्या त्याच शेजाऱ्याची गरज आपल्याला पडणार होती. सावड बुडवणाऱ्याच्या शेतात पुढच्या मृगाला कुणी फिरकत नसे. बांधाच्या बाबतीत उलटं. जमीन वाटून वाटून अडीच एकरावर आली, वितभर मातीलाही किंमत आली, आणि सातबारा भावाभावाचा वेगळा झाला. माणूस एकच, स्वभावही एकच. एका मांडणीत त्याला सरळ वागणं परवडत होतं, दुसरीत एक तास जास्त मारणं.

म्हणजे माणूस निव्वळ मातीचा गोळा, दाबाल तसा आकार घेईल, असंही मार्क्स म्हणत नाही. भूक, निवारा, लेकराची ओढ या गोष्टी सगळीकडं असतात. आणखी एक गोष्ट तो माणसाची खास मानतो: डोक्यात आधी चित्र काढून मग हातानं घडवणं. त्यानं मधमाशीचं उदाहरण दिलं आहे, आपण सुगरणीचं घेऊ. सुगरण पक्ष्याचा खोपा भल्या कारागिराला लाजवेल असा असतो, पण ती दुसऱ्या तऱ्हेचा खोपा बांधू शकत नाही. आमच्या गावचा सुतार वखर करायचा तेव्हा आधी शेतकऱ्याला विचारायचा, "जमीन कंची, काळी का बरड?" आणि मग लाकूड निवडायचा. काम म्हणजे नुसतं पोट भरणं नव्हे. माणूस त्यात स्वतःला बघतो. ते काम, त्यातून निघालेली वस्तू आणि सोबतची माणसं परकी झाली की जे होतं त्याला मराठीत परात्मता म्हणतात. शब्द जड आहे. फडात पहाटे चारला उठून मोळ्या बांधणाऱ्या बाईला विचारा, "ह्या उसाची साखर कुठं जाते?" ती म्हणेल, "मला काय माहीत बाई, माझं वाढं इकलं की झालं." (वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्याला विकतात.) परात्मता म्हणजे एवढंच.

समाजाबद्दलचं म्हणणं थोडक्यात उरकतो, कारण ते बरेच जण ऐकून असतात. पाया आणि इमला. लोक पोटापाण्याची सोय कशी लावतात, जमीन आणि अवजारं कुणाच्या ताब्यात आहेत, हा पाया. कायदा, राज्य, धर्म, रीतीभाती हा त्यावरचा इमला. १८५९ च्या एका प्रस्तावनेत मार्क्सनं हे मांडलं. मराठवाड्यात याचा पुरावा घरोघरी सापडतो. निजामाच्या राज्यात जागिरीच्या गावात कूळ देशमुखाच्या वाड्यासमोरून पायताण हातात घेऊन जायचं, अशा कथा आमच्या आजोबांच्या पिढीनं सांगितल्या. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामशाही संपली, १९४९ मध्ये जागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कूळकायदा आला. सगळ्या कुळांना जमिनी मिळाल्या असं नाही. वाड्यांनी पळवाटा काढल्या, कुळांकडून राजीनामे लिहून घेतले. पण ज्याच्या नावावर जमीन चढली त्याच्या पायात चप्पल टिकली. स्वभाव सुधारण्याचं शिबिर कुणी घेतलं नव्हतं.

मात्र पाया बदलला की इमला आपोआप बदलतो असं समजणाऱ्यांना खुद्द एंगल्सनं १८९० च्या एका पत्रात झापलं आहे: आर्थिक कारण हेच एकमेव कारण असं आम्ही कधीच म्हटलं नव्हतं. आपल्याकडच्या बऱ्याच कॉम्रेडांनी हे पत्र जरा उशिरा वाचलं, असं माझं मत.

आता वर्ग. इथं थांबायला हवं, कारण इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. वर्ग म्हटलं की लोकांना श्रीमंत आणि गरीब आठवतात. समाजवादी विचारात, निदान मार्क्सच्या परंपरेत, खिशात किती आहे यावरून वर्ग ठरत नाही. खिशात येतं कुठून यावरून ठरतो. जमीन, यंत्र, भांडवल तुमच्या ताब्यात आहे, की तुमच्याकडं विकायला फक्त हातपाय आहेत? पगारदार मास्तर अडीच एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्यापेक्षा चांगला खातो-पितो, पण म्हणून तो मालक होत नाही.

सालगड्याचं, म्हणजे वर्षाच्या ठरावावर शेतात राबणाऱ्या गड्याचं, उदाहरण घेऊ. समजा पाडव्याला साल ठरलं १ लाख २० हजार. बी, खत, फवारणी, बैलांचा चारा, अवजारांची झीज मिळून खर्च ८० हजार. माल विकून आले ३ लाख. उरले १ लाख. हा लाख आला कुठून? बी-खतानं आपली किंमत पिकात उतरवली, तेवढी वजा झाली. सालगड्याला त्याचं साल मिळालं. तो राबला त्या वर्षभराच्या कामातून जे निघालं ते त्याच्या सालापेक्षा जास्त होतं, म्हणून हे उरलं. याला मराठीत वरकड मूल्य म्हणतात. मालकानं फसवलं असं यात कुठंच नाही. ठरलेलं साल त्यानं चुकतं केलं. मार्क्सचा मुद्दा नेमका हा आहे, की कुणी कुणाला फसवलं नाही तरीही वरकड एकाच बाजूला जमा होतं, कारण सालगडी विकतो ती काम करण्याची ताकद, आणि मालक घेतो ते प्रत्यक्ष काम. या दोन्हींतला फरक म्हणजे शोषण. तो शिवी म्हणून हा शब्द वापरत नाही, हिशेब म्हणून वापरतो.

खरं सांगायचं तर हे उदाहरण चांगल्या पावसाच्या सालाचं आहे. दोन पावसाळे कोरडे गेले, सोयाबीनचा भाव पडला की तो लाख उरत नाही, उलट सालगड्याचं साल भरायला मालक सावकाराकडं जातो. म्हणूनच शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी म्हटलं की गावातला मोठा आणि लहान हा भेद गौण आहे, सगळं गावच शेतमालाच्या भावात लुटलं जातं. त्यात तथ्य होतं. पण भाव वाढला की त्याचा वाटा सालगड्यापर्यंत किती पोचतो, हा प्रश्न डाव्यांनी विचारला, आणि त्याचं समाधानकारक उत्तर मला तरी मिळालेलं नाही.

उसाच्या फडात वर्ग आणखी गुंतागुंतीचे दिसतात, म्हणून ते मला जास्त शिकवतात. वर कारखाना. मग ऊस लावणारा सभासद. मग वाहतूक ठेकेदार, त्याखाली मुकादम, आणि सगळ्यात तळाशी कोयता. कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर अर्धा कोयता. हिशेबात माणसाला हत्याराचं नाव पडलं आहे, आणि आम्हाला ते इतकं सवयीचं आहे की खटकतही नाही. कारखाना बहुधा सहकारी. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा शेतकऱ्याला कारखान्याचा मालक करायचा, असं ते स्वप्न होतं, आणि समाजवादी मनाच्या माणसांना ते आपलं वाटलं. ऊस लावणाऱ्यासाठी ते बरंचसं खरंही झालं. पण सहकार शेताच्या बांधापाशी थांबला. ऊस लावणारा सभासद, तोडणारा कुणीच नाही. त्याचा करार कारखान्याशी नाही, मुकादमाशी.

आणि उचल. सगळीकडं कामगार आधी राबतो आणि महिन्यानं पगार घेतो. म्हणजे मार्क्सच्या भाषेत तो मालकाला आपलं काम उधार देतो. ऊसतोडीत उलटं. पैसे पावसाळ्यातच हातात पडतात, लग्न-दवाखाना-बियाणं त्यातून निघतं, आणि वाटतं की मुकादमानं उपकार केले. त्या उपकारानं सहा महिने बांधून घातलेले असतात. दर टनावर ठरलेला, जोडीनं दिवसाला दीड-दोन टन तोडायचा, पोटच्या पोरालाही मोळीला हात लावायला सांगायचं, कारण जितकं जास्त तितकी उचल लवकर फिटणार. नाही फिटली तर बाकी पुढच्या सालावर. नगावर मजुरी दिली की मालकाला पाळत ठेवावी लागत नाही, मजूरच स्वतःला हाकतो, आणि मधे मध्यस्थ शिरतात ज्यांची कमाई म्हणजे मालक देतो आणि मजुराच्या हातात पडतं त्यातलं अंतर. हे मार्क्सनं १८६७ साली इंग्लंडमधल्या कामांबद्दल लिहिलं. वाचताना मला लांबट वही दिसली.

त्या वहीत नाव एकाचंच असायचं. कोयता दोघांचा, पान चुलत्यांच्या नावावर, पैसे त्यांच्या हातात. काकू पहाटे भाकरी थापून फडात यायची, मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायची, रात्री पुन्हा चूल. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यामागं चुकीची वैद्यकी होती, भीती होती, आणि पाळीच्या दिवसांत पडणाऱ्या खाड्याची धास्तीही होती. यातल्या कित्येकींनी शस्त्रक्रियेला "स्वखुशीनं" होकार दिलेला. खुशी कुठल्या मांडणीत जन्माला येते हे पाहिल्याशिवाय या शब्दाचा अर्थ लागत नाही. पण वर्गाच्या जुन्या विश्लेषणात हे पान कोरं राहिलं होतं हेही कबूल केलं पाहिजे.

दुसरं कोरं पान जातीचं. सावडीचं एवढं कौतुक केलं, पण आमच्या गावात सावड वेशीच्या आत चालायची. वेशीबाहेरच्या वस्तीतली माणसं सावडीला नसत. त्यांच्या वाट्याला बलुतं किंवा वेठ. "तुम्ही आलात, आता आम्ही येतो," हे बरोबरीचं वाक्य त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच समाजवाद्यांना सुनावलं होतं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे, आणि एकमेकांना कमी लेखणारे मजूर क्रांतीसाठी एकत्र येतील ही आशा फोल आहे. पुढं १९४७ च्या निवेदनात त्यांनी शेतीच सरकारी मालकीची करून जातपात न बघता गावकऱ्यांना सामूहिक पद्धतीनं कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, असं सुचवलं. म्हणजे समाजवाद त्यांना परका नव्हता. १९५६ ला काठमांडूतल्या भाषणात त्यांचा आक्षेप होता तो मार्क्सच्या अनुयायांच्या साधनांवर, हिंसेवर आणि हुकूमशाहीवर. राममनोहर लोहियांनी तेच वेगळ्या अंगानं मांडलं: थिजलेला वर्ग म्हणजे जात, हलती जात म्हणजे वर्ग.

मराठवाड्याला याचा धडा १९७८ च्या पावसाळ्यात मिळाला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलैला झाला आणि गावोगाव दलितांची घरं जळाली. अल्पभूधारक सवर्ण आणि भूमिहीन दलित यांचं दुखणं एकच, असं पुस्तक सांगत होतं. एकाच कामावर, एकाच दुष्काळात खडी फोडलेली माणसं होती ती. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं.

खडीवरून आठवलं. "फुकट दिलं तर कुणी काम करणार नाही, माणूस आळशी," हा टपरीवरचा दुसरा मुद्दा. १९७२ च्या दुष्काळात सरकारनं कामं काढली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं त्यावर होती. मैल दोन मैल चालत जाऊन, उन्हात पाझर तलाव खोदत. पुढं मोर्चे निघाले ते फुकट धान्यासाठी नव्हे, कामासाठी, आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. आळसाचा सिद्धांत मांडणारा माणूस बहुधा सावलीत बसलेला असतो, असा माझा अनुभव.

उलट बाजूही आहे. रशियात १९१७ नंतर "नवा माणूस" घडवायचा ध्यास घेतला, १९२९ पासून शेतकऱ्यांच्या जमिनी सक्तीनं सामूहिक केल्या आणि १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसं मेली. मांडणी बदलली की माणूस बदलतो, हे तत्त्व घेतलं आणि मांडणी बदलणाऱ्याच्या हातातली वही कोण तपासणार, हा प्रश्न सोडून दिला. शिकवणाऱ्यालाही आधी शिकावं लागतं, हे तिसरं टिपण तिथं कुणाला आठवलं नाही.

वर्ग असणं आणि वर्ग म्हणून उभं राहणं यात मार्क्स फरक करतो. हजारो जोड्या एकाच दरानं तोडतात, तरी प्रत्येकीला वाटतं आपलं भांडण आपल्या मुकादमाशी. हंगामाच्या तोंडावर "कोयता बंद"ची हाक येते आणि दर वाढेपर्यंत गाड्या हलत नाहीत, तेव्हाच त्या जोड्या एकमेकींना ओळखतात. गंमत म्हणजे त्या संपात मुकादमही असतात, कारण दर वाढला की त्यांचं कमिशन वाढतं. मग मुकादम कोणत्या वर्गातला?

चुलते आता नाहीत. त्यांचा मुलगा गेली दहा वर्षं मुकादम आहे. वीस कोयते असतात त्याच्याकडं. गेल्या साली चार जोड्या उचल घेऊन दुसऱ्या टोळीत पळाल्या, त्यांचे पैसे फेडायला त्यानं चुलत्यांची दीड एकर गहाण टाकली. ठेकेदाराच्या वहीत त्याच्याही नावाचं एक पान आहे. "माणूस बेइमान झालाय दादा," तो मला सांगत होता. सोयाबीन मात्र त्यानं यंदाही सावडीनं काढलं, खालच्या गल्लीतल्या ज्याच्याबरोबर काढलं तो त्याच्याच टोळीतला पहिला कोयता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो ओसरीवर नवी वही आखत बसला होता. मधेच थांबून म्हणाला, "तू वाचलं व्हतंस ना? आण्णाचे खाडे खरंच किती व्हते, तीन का चार?"

"तीन," मी म्हटलं.

त्यानं वहीला रबर चढवलं आणि खिशात घातली.